आदितीची प्लेट अन् बावीस जादा

आमची आदिती सहा वर्षांची होती तवा तिनं भरल्या बस्तीत, म्हणजे आमच्या जैनांच्या देवळात, उपाध्यांना थांबवलतं. ते पूजेतली एक ओळ गाळून पुढं गेलते. सगळी माणसं हात जोडून, डोळे मिटून बसल्याली, आणि ही फ्रॉकातली पोरगी मधेच उठून म्हणती, एक ओळ राहिली. उपाध्ये बिचारे मागं आले, राहिल्याली ओळ म्हणली आणि मग पुढं गेले. माझा भाऊ श्रीपाल, म्हणजे तिचा बाप, लाजंनं खांबामागं सरकला. मी मात्र तवाच ओळखलं, ही पोरगी कुणाला सुखानं चुकू देणार न्हाय.

आज ती एकोणतीस वर्षांची हाय. शिरोळकडच्या आमच्या गावातनं बारावीनंतर शिकायला कोल्हापुरात आली, ती राजारामपुरीत माझ्याकडंच ऱ्हायली. मला आत्ती म्हणती. अकरा वर्षं झाली, एका छपराखाली ऱ्हातोय, आणि या अकरा वर्षांत माझ्या एकाबी वाक्यानं तिच्यासमोर सुखानं पूर्णविराम बघितला न्हाय. मी शेजारणीला सांगतो, परवा आजऱ्याहून काजू आणले. आतल्या खोलीतनं आवाज येतो, परवा न्हाय, शुक्रवारी.

एकदा सांगलीकडचं स्थळ आलतं. मुलगा इंजिनियर, दिसायला गोरागोमटा, आणि मी पोह्यावर खोबरं जरा जास्तच टाकलतं. त्यानं चहा पिता पिता डीएनएबद्दल कायतरी सांगायला सुरुवात केली, हिच्यावर छाप पडावी म्हणून. हिनं बशी खाली ठेवली आणि त्याला पाऊण तास शिकवलं. मागनं त्या मुलाचा फोन आला न्हाय. मी म्हणलो, बाई गं, तो बायको बघायला आलता, क्लासला न्हवं. तर म्हणती, तसाच चुकीचं घेऊन घरी गेला असता की, आत्ती.

तर ही पोरगी काय काम करती, असं कुणी विचारलं की मी पहिल्यांदा नुसतं शास्त्रज्ञ हाय म्हणून सांगायचो. पण आमच्या गल्लीतल्या बायका एवढ्यावर सोडतात व्हय? शास्त्रज्ञ म्हणजे नक्की काय करती, रोज काय करती, डबा घेऊन कुठं जाती. म्हणून एका रविवारी मी तिला धरून बसवलं आणि म्हणलो, मला समजंल असं सांग.

तिनं सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. डीएनए म्हणजे चार अक्षरांची लांबलचक माळ. ए, टी, जी, सी, एवढीच चार. त्या माळेची नक्कल काढणारं एक एन्झाइम असतंय, त्याला पॉलिमरेज म्हणतात. ते एकेक अक्षर जोडत पुढं सरकतंय. लई झपाट्यानं काम करतंय, त्यामुळं मधेच एखादं अक्षर चुकतंय. त्यातलं साधं एन्झाइम चुकीवरनं तसंच पुढं जातंय. पण काही जातीचं एन्झाइम चुकलं की थांबतंय, एक पाऊल मागं येतंय, चुकीचं अक्षर कुरतडून टाकतंय, बरोबर अक्षर बसवतंय आणि मग पुढं जातंय. रक्तातले आजार शोधणाऱ्या तपासण्यांना असलं एन्झाइम लागतंय. आदितीनं शिक्षण संपवून उचगावात दोन खोल्या घेतल्या, पुढं फौंड्रीवाल्याचं वर्कशॉप, मागं हिची लॅब, आणि तिथं ती हे एन्झाइम बनवायला लागली.

मी म्हणलो, हे तर तुझंच भावंड झालं की.

"न्हाय आत्ती," ती म्हणली, "ते फक्त स्वतःच्या चुका दुरुस्त करतंय. दुसऱ्याच्या घरात जात न्हाय."

स्वतःचं तिला कळतंय बघा. सुधारत तेवढी न्हाय.

आता एन्झाइमनं चूक दुरुस्त केली का न्हाय, हे दिसणार कसं? डोळ्यानं दिसत न्हाय, सूक्ष्मदर्शकातनंबी न्हाय. तर वजन करून. त्या चारी अक्षरांचं वजन वेगवेगळं हाय, आणि ते मोजायचं माप म्हणजे डाल्टन. आदिती काय करती, डीएनएचा एक छोटा तुकडा घेती, त्याचं शेवटचं अक्षर मुद्दाम चुकीचं ठेवती. सी पाहिजे तिथं ए. मग त्यात आपलं एन्झाइम घालती. एन्झाइमनं ते चुकीचं ए काढून सी बसवायचं, आणि त्याच्यापुढं अजून एकच अक्षर जोडून थांबायचं. ते शेवटचं अक्षर अडसर घातल्यागत असतंय, त्याच्यापुढं माळ वाढतच न्हाय. मग त्याचं वजन करायचं. ए हे सी पेक्षा चोवीस डाल्टननं जड. दुरुस्ती झाली असंल तर वजन बरोबर येणार, न्हाय तर चोवीस जादा.

हे वजन करायचा काटा म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. लई मोठी मशीन, कपाटाएवढी. ती आदितीच्या लॅबमध्ये कुठनं असणार? कोल्हापुरातच एक सेंटर हाय, तिथं अशा मशीना आधी वेळ ठरवून वापरायला मिळतात. स्टीलची एक प्लेट असती, तळहाताएवढी, तिच्यावर बारीक बारीक गोल आखल्याले. एकेका गोलावर मोहरीएवढा थेंब सुकवायचा. मशीन त्याच्यावर लेझर मारती, तुकडे उडतात आणि नळीतनं पळत सुटतात. हलका आधी पोचतो, जड मागनं. कोण कवा पोचलं त्याच्यावरनं वजन निघतं. कॉम्प्युटरवर प्रत्येक वजनाला एक सुळका दिसतो. दुसऱ्या कुणाच्या नमुन्याची घाण नको म्हणून आदितीनं स्वतःची प्लेट घेतल्याली. डबीत ठेवून ने-आण करायची. एवढी जपायची, एवढी जपायची, की मी म्हणायचो, हिच्याबरोबर लग्न लावून देऊ का तुझं.

आणि त्या प्लेटीला मी हात लावला.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. आदितीचं एन्झाइम तयार झालतं. तपासणीचं सामान बनवणारी पुण्याची एक कंपनी ते घ्यायला तयार होती, पण त्यांची बाई येऊन स्वतःच्या डोळ्यानं बघणार, वजन बरोबर येतंय का ते. गुरुवार ठरलता. बरोबर आलं तर कंपनी एन्झाइम घेणार आणि उचगावची लॅब चालू ऱ्हाणार. न्हाय आलं तर हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीचं नोकरीचं पत्र टेबलावर पडलंतं, त्याला शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. हैदराबाद म्हणजे लॅबला कुलूप. पोरीनं तीन वर्षं त्या दोन खोल्यांत घातलीती. ती बोलत न्हवती, पण चार दिवस झाले मी तारीख चुकीची सांगितली तरी आतनं आवाज येत न्हवता. त्याच्यावरनं मी समजलो, प्रकरण गंभीर हाय.

त्याच आठवड्यात बस्तीत पूजा होती आणि तांब्यापितळंची भांडी घासायचं काम माझ्याकडं आलतं. सोमवारी सकाळी मी मोरीत सगळा पसारा मांडून बसलो. लिंबाच्या फोडी, वाटीत मीठ, काथ्या. समया घासल्या, ताटं घासली, तांब्ये घासले. हात चांगले लागल्याले. तेवढ्यात टेबलावर ती डबी उघडी दिसली. आत प्लेट, आणि तिच्यावर पांढुरके डाग. मी म्हणलो, बिचारी पोरगी, हिला घासायलाबी वेळ मिळत न्हाय, पुण्याची बाई येणार आणि असली मळकी प्लेट बघणार. घेतलं लिंबूमीठ, घासली खसाखसा, बोअरच्या पाण्यानं धुतली, पदरानं पुसली आणि डबीत ठेवून दिली. अशी चकाकली म्हणून सांगू, तोंड बघून कुंकू लावावं.

मंगळवारी आदिती सेंटरला गेली. गुरुवारच्या आधी एकदा रंगीत तालीम म्हणून. वेळ अर्ध्या तासाचीच मिळालती. तिनं प्लेट बाहेर काढली, सवयीप्रमाणं अल्कोहोलनं पुसली, एन्झाइम घातल्याले नमुने लावले आणि मशीनवर दिली. दुपारी घरी आली ती चप्पल न काढता आत आली. आमच्या घरात तिनं आजवर असं कवा केलं न्हवतं.

प्रत्येक नमुन्यात दोन सुळके आलते. एक बरोबर वजनाचा. आणि त्याच्याशेजारी चोवीसाच्या आसपास जादाचा, तेवढाच उंच. म्हणजे एन्झाइम निम्म्या चुका तशाच ठेवत होतं.

ती एवढंच म्हणली, "निम्मं काम करणारं एन्झाइम कोण घेणार, आत्ती," आणि हैदराबादचं पत्र कॉम्प्युटरवर उघडून बसली. मी चहा केला. साखर विसरलो. तिनं ते सांगितलंबी न्हाय, तसाच पिली.

बुधवारी सकाळी श्रीपाल आला. राजारामपुरीतल्या दवाखान्यात डोळे दाखवून, औषध घालून तो तिकडनंच आलता. बाप लेकीसमोर बसला आणि काय झालं ते विचारलं. आता श्रीपालला डीएनए कळत न्हाय, पण वजन कळतंय. उसाच्या हंगामात तो आपली ट्रॉली कारखान्यात न्यायच्या आधी वाटंवरच्या दुसऱ्या काट्यावर मोजून घेतो, ऊस उतरला की रिकामी परत मोजतो, आणि टायरला चिखल असंल तर खाली उतरून काठीनं काढतो. मागचे ट्रॅक्टरवाले शिव्या देतात, हा ढिम्म. त्यानं आदितीचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, जादा किती आलं म्हणालीस?

ती म्हणली, चोवीस, दोन इकडंतिकडं.

"इकडं का तिकडं?" श्रीपाल म्हणला. "आणि रिकामी ट्रॉली मोजलीस का?"

तिला पहिल्यांदा काय कळलंच न्हाय. मग त्यानंच फोड करून सांगितलं. तुझं ते औषध घालायच्या आधी नुसत्या तुकड्याचं वजन किती भरलं? काल त्याच प्लेटीवर केलतंस का?

आदितीनं ते केलं न्हवतं. अर्धा तासच होता म्हणून नुसता तुकडा लावलाच न्हवता, फक्त एन्झाइमवाले नमुने लावलते. बस्तीत उपाध्यांना थांबवणारी, मला शुक्रवारला परवा म्हणू न देणारी, तिनं स्वतःची एक ओळ गाळलती. मला एवढं हसू आलं, पण त्या वक्ताला हसणं बरं दिसलं नसतं म्हणून पदर तोंडाला लावला. ती आत गेली, कालचे आकडे काढून परत मोजायला बसली, आणि दहा मिनिटांनी बाहेर आली ती वेगळ्याच तोंडानं. बापाला म्हणली, चोवीस न्हाय अण्णा, बावीसाकडं झुकतंय.

बावीसात काय हाय, असं मी विचारलं. तर म्हणती, सोडियम चिकटलं की बावीस वाढतंय. मीठ.

मीठ म्हटल्यावर मला सोमवारची मिठाची वाटी आठवली. मी भांडी आवरायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेलो. मागनं तिचा आवाज चालूच. म्हणती, पण मीठ येणार कुठनं, पाणी शुद्ध, नळ्या नव्या, हातात मोजे, प्लेट मी शनिवारीच लॅबमध्ये धुऊन ठेवलती. म्हणजे ते पांढुरके डाग धुतल्यावर सुकल्याले होते, मळ न्हवताच, बघा. एकेक गोष्ट ती बोटावर मोजत होती आणि मी इकडं एकच वाटी तीनदा विसळत होतो.

शेवटी बाहेर आलो आणि म्हणलो, "आदू, तुझी प्लेट मी घासली. लिंबूमिठानं."

श्रीपालनं माझ्याकडं बघितलं. आदितीनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता पोरगी रडंल न्हाय तर मला घराबाहेर काढंल, घर माझं असलं म्हणून काय झालं. तर ती खुर्चीवरनं उठली, माझे दोन्ही गाल धरले आणि हसत सुटली. हसता हसता खाली बसली. श्रीपालबी हसाय लागला, तो डोळ्यात औषध घातल्याला, त्याला आधीच पाणी आलतं. एकटी मीच गंभीर.

"काथ्यानं घासलीस?" ती विचारत होती.

काथ्यानं, मी म्हणलो. जोर लावून.

मग तिनं समजावलं. काथ्यानं बारीक चरे पडले, चऱ्यांत मीठ बसलं. आणि तिनं पुसलं अल्कोहोलनं, त्यात मीठ विरघळत न्हाय म्हटलं तरी चालंल. बोअरच्या न्हवं, शुद्ध पाण्यानं चांगली धुतली असती तर गेलं असतं. म्हणजे चूक तिचीबी निम्मी. ही वाटणी मला एकदम मान्य झाली.

पण ही सगळी बोलाचीच कढी होती, खात्री कुठं हाय? मीठ असंल किंवा एन्झाइमच निम्मं असंल. सेंटरमध्ये मशीन चालवणारा सयाजी म्हणून हाय, मूळचा तालमीतला गडी, बोलला की खिडकीच्या काचा हलतात. आदितीनं त्याला फोन केला. तो म्हणला, आज सगळा दिवस दुसऱ्यांचा हाय, पण जेवायच्या सुट्टीत तुझं करतो, माझी भाकरी मशीनजवळ आणून दे. मी लगेच त्याच्यासाठी डबा भरला. पापाचं क्षालन करायला दुसरं काय होतं हातात? मुगाची उसळ, भाकरी, दही, आणि आजऱ्याच्या काजूंची कतली. काजू बिनमिठाचे, हे मी आदितीला दोनदा सांगितलं.

सेंटरवर तिनं प्लेट तशीच, न धुता, आधी नुसता तुकडा लावून मोजली. एन्झाइमचा थेंबबी न्हाय. सयाजीनं बटण दाबलं आणि समोर दोन सुळके. एक बरोबर वजनाचा, त्याच्याशेजारी बावीस जादाचा. रिकाम्या ट्रॉलीलाच चिखल होता. सयाजी म्हणला, हे तर जुळं हाय की. मग त्यांनी प्लेट शुद्ध पाण्यात बुडवून त्या थरथरणाऱ्या मशीनमध्ये ठेवली, चष्म्याच्या दुकानात असती तसली, तीनदा पाणी बदललं. परत मोजलं. जुळं गेलं. नुसता तुकडा एकच सुळका. आणि एन्झाइम घातल्याला तुकडा बी एकच सुळका, बरोबर जागेवर, चोवीसाच्या ठिकाणी गवताची काडी न्हाय.

आदितीनं मला फोन करून फक्त आकडा सांगितला. मला त्या आकड्यातलं काय कळलं न्हाय, पण तिच्या आवाजातलं सगळं कळलं.

गुरुवारी पुण्याच्या बाई आल्या. संयोगिता त्यांचं नाव, चाळिशीच्या, केस पांढरे तसेच सोडल्याले, हातात प्लास्टिकचा थंड डबा. मी डबा द्यायच्या निमित्तानं सेंटरच्या बाकावर येऊन बसलोतो, श्रीपालबी शेजारी. त्याला बसनं गावाला जायचं होतं, पण तीन बसा गेल्या तरी हा उठंना. दार उघडंच होतं, त्यामुळं आम्ही काय चोरून ऐकत न्हवतो, नुसतं ऐकत होतो.

बाईंनी आदितीचा तुकडा वापरलाच न्हाय. त्यांनी स्वतःचा आणलता, शेवटचं अक्षर चुकवल्याला, आणि दुरुस्तीनंतर वजन किती यायला पाहिजे ते बंद पाकिटात. आदितीनं आधी प्लेट धुतली, मग नुसता तुकडा मोजला, मग एन्झाइम घातलं, ठरल्याली वेळ थांबली, थेंब लावला, सुकवला. सयाजीनं एवढ्या हळू आवाजात "झालं बघा" म्हटलं की मला ऐकूच आलं न्हाय. बाईंनी पाकीट फोडलं. आकडा जुळला. एकच सुळका.

श्रीपालनं माझा हात एवढा दाबला, बांगडी वाकली.

मग बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "हे कधी फसलंय का?"

सयाजी छताकडं बघायला लागला. आदितीला न्हाय म्हणता आलं असतं, एन्झाइम खरंच कवा फसलं न्हवतं. मी बाकावरनं मनात म्हणत होतो, न्हाय म्हण बाई, न्हाय म्हण. तिनं पिशवीतनं मंगळवारचा कागद काढला, ते दोन सुळके टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं. वेळ कमी होती म्हणून मी नुसता तुकडा मोजला न्हाय, आणि प्लेट आमच्या आत्तीनं मिठानं घासलती.

"आत्ती कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

मी उठलो. पळायचं म्हटलं तर गुडघं ऐकत न्हाईत. आत गेलो. बाईंनी मला बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, नुसतं मीठ, की लिंबूपण? मी म्हणलो, दोन्ही. त्या म्हणाल्या, आमच्या पुण्याच्या लॅबमध्ये असलंच जुळं आलं होतं, आम्ही तीन आठवडे एन्झाइमला दोष देत बसलो, शेवटी बेसिनमधलं पाणी निघालं. तुम्ही दोन दिवसांत कसं शोधलं? आदितीनं दाराकडं बोट केलं, आणि श्रीपाल टोपी हातात धरून तिथंच उभा. ट्रॉलीची सगळी गोष्ट त्यालाच सांगायला लावली बाईंनी. टायरच्या चिखलापर्यंत आला तवा त्यांनी वही काढून लिहून घेतलं.

त्या म्हणाल्या, खोक्यात एन्झाइमबरोबर नुसत्या तुकड्याचीही एक नळी घाला, आणि आधी ती मोजायची असं मराठीत, इंग्रजीत लिहा. गुढीपाडव्याच्या आधी दोनशे खोकी द्याल का? आदिती म्हणली, एकशे ऐंशी जमतील, दोनशे म्हटलं तर खोटं होईल. बाई हसल्या आणि एकशे ऐंशी लिहिलं.

बाई गेल्यावर आम्ही चौघं तिथंच बाकावर जेवलो. सयाजीनं चार भाकरी खाल्ल्या. आदितीनं मांडीवर कॉम्प्युटर घेतला आणि हैदराबादला उत्तर लिहिलं. मला वाटलं, मोठं पत्र असंल, आभार, दिलगिरी, सगळं. तर तीन ओळी. मी म्हणलो, जरा गोड लिही की. ती म्हणली, गोड लिहिलं तर परत विचारतील. बटण दाबलं, कॉम्प्युटर मिटला आणि दही माझ्या वाटीतनं खायला लागली.

जेवण झालं तशी ती उठली. एकशे ऐंशी खोकी म्हणजे आजपासूनच ते एन्झाइम बनवणारे जिवाणू वाढवायला लावायला पाहिजेत, म्हणजे उचगावला जायला पाहिजे. श्रीपालनं विचारलं, मी येऊ का? तिनं आम्हा दोघांना रिक्षात कोंबलं. दोन मोठाल्या माणसांच्या मधे चेपून बसली, आपल्या एन्झाइमचा थंड डबा मांडीवर, आणि रिक्षावाल्याला म्हणाली, या रस्त्यानं न्हाय हो मामा, पुलाखालनं घ्या, तिकडनं चार मिनिटं वाचतात. रिक्षावाला म्हणाला, ताई, वीस वर्षं रिक्षा चालवतोय. ती म्हणली, तरी पुलाखालनं घ्या.

चार न्हाय, सहा मिनिटं वाचली. मी घड्याळ लावून बघितलं आणि तिला तसं सांगितलं.